दोन खांबांमधली फट

आमच्या घरापासून मेट्रो स्थानक जेमतेम चारशे मीटरवर आहे. माझी थोरली बहीण लहानपणीच्या पोलिओमुळे व्हीलचेअर वापरते. स्थानकात शिरल्यावर तिला कोणाच्याही मदतीची गरज पडत नाही, कारण तिथे लिफ्ट आहे, फलाट आणि डब्याचा तळ जवळपास एका पातळीत आहेत आणि डब्यात व्हीलचेअरसाठी जागाही राखलेली आहे. 6 मार्च 2022 रोजी पुण्यात मेट्रो सुरू झाली, तेव्हा रिक्षावाल्यांची मनधरणी आता संपली असे ताईला वाटले होते. त्या चारशे मीटरांमुळे ती अजून संपलेली नाही.

आमच्याकडे पदपथ आहे, तो रुंद आहे आणि त्यावर चढण्यासाठी उतारही केलेला आहे. मात्र त्या उताराच्या तोंडाशीच लोखंडी खांब, म्हणजे हल्ली ज्यांना सगळे बोलार्ड म्हणतात ते, इतके जवळ रोवले आहेत की व्हीलचेअर मधून जातच नाही. हे खांब कोणी आकसाने लावलेले नाहीत. सिग्नलला गर्दी झाली की सरळ पदपथावर दुचाकी घालण्याची जी खोड या शहराला जडली आहे, तिच्यावरचा तो उपाय होता आणि पायी चालणाऱ्या ज्येष्ठांनीच त्याची मागणी केली होती. (त्या अर्जावर माझीही सही होती, हे कबूल केले पाहिजे.)

एका रविवारी मी टेप घेऊन मोजमाप केले. ताईची व्हीलचेअर चाकांच्या कड्यांसकट 66 सेंटिमीटर भरली. कडी फिरवणाऱ्या हातांना मोकळीक हवी, म्हणून मानकांमध्ये किमान 90 सेंटिमीटरची वाट सांगितलेली असते. खाली लावलेल्या स्कूटरचे हँडल टोकापासून टोकापर्यंत 70 सेंटिमीटर निघाले. याचा अर्थ सरळ आहे: ताई जाऊ शकेल अशा फटीतून स्कूटरही जाणार, आणि स्कूटर अडेल अशा फटीत ताईही अडणार. खांब कितीही सरकवले तरी या पेचातून सुटका नाही.

आम्ही अर्ज केला, खेटे घातले आणि चार महिन्यांनी मधला एक खांब निघाला. ताई दोनदा एकटी स्थानकापर्यंत जाऊन आली. तिसऱ्या दिवशी त्याच वाटेने दुचाक्यांची रांग लागली, शेजारच्या आजोबांच्या पायाला आरसा घासला, तक्रार गेली आणि आठवडाभरात खांब परत आला. आजोबांचे काय चुकले? माझ्या मते काहीच नाही. दुचाकीस्वाराला धाक नाही, म्हणून त्याच्या बेशिस्तीची किंमत आजोबा आणि ताई आळीपाळीने मोजतात.

कायद्याची उणीव नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 सालचा आहे आणि त्याचे राज्यातले आयुक्तालयही पुण्यातच आहे. 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालच्या नियमावलीतला सुगम्यतेच्या मानकांविषयीचा नियम कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातली बरीचशी मानके बंधनकारक नसून केवळ शिफारशीच्या स्वरूपाची होती. ज्यात तडजोड चालणार नाही असे किमान नियम केंद्राने तीन महिन्यांत करावेत, असा आदेशही दिला. तरीही 90 सेंटिमीटरची वाट सक्तीची केली, तर तिच्यातून दुचाकी जाणारच आणि तिला अडवण्याचे काम लोखंडाऐवजी माणसाला करावे लागणार.

ते अशक्य नाही. हेल्मेट नसल्याचे चलन मोबाइलवर पाठवणाऱ्या कॅमेऱ्याला पदपथावरची दुचाकीही दिसते. तिलाही तितक्याच तत्परतेने दंड झाला, तर निम्म्या खांबांची गरज उरणार नाही. गल्लीच्या तोंडाशी रस्ताच पदपथाच्या उंचीला आणला, तर वाहनाचा वेगही उतरतो आणि व्हीलचेअरला चढ-उतारही करावा लागत नाही. जंगली महाराज रस्त्याच्या रुंद पदपथांचे कौतुक मीही करतो. पण त्या एका रस्त्यापर्यंत पोहोचायला ताईला आधी दहा रस्ते पार करावे लागतात.

सध्या ती डांबरी रस्त्याच्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून मुद्दाम उलट्या दिशेने जाते. "खड्ड्यातून कोणीतरी ओढून काढतं रे, खांबातून कोण काढणार?" असे परवा ती म्हणाली. मागच्या महिन्यात मी पुन्हा अर्ज दिला आहे. या वेळी खांब काढण्याची मागणी न करता चौकातला कॅमेरा पदपथाकडे वळवण्याची मागणी केली आहे, आणि त्यावर पहिली सही आजोबांची आहे.