संडासातला तानपुरा

रात्री दोन वाजता आमच्या कोथरूडच्या घरात ऐकू येणाऱ्या आवाजांना ठरलेला क्रम आहे. आधी गल्लीतली कुत्री, मग फ्रिज, मग अण्णांचं घोरणं. गेल्या महिन्यात त्यांच्यात एक नवा कलाकार दाखल झाला. सूंऽऽऽ. बारीक, अखंड आणि कुठेही दम न घेता.

अण्णा म्हणजे माझे सासरे. थंडीचे चार महिने ते आमच्याकडे असतात, आणि ‘सवाई’च्या गाण्याच्या मैफिलींना मांडी घालून बसण्यात त्यांची हयात गेली आहे. दुसऱ्या दिवशी चहा पिताना ते म्हणाले, “जावईबापू, तुमच्या संडासात कोणीतरी काळी दोनचा तानपुरा लावून ठेवलाय. गायला कधी बसणार?”

आवाज फ्लशच्या टाकीचा होता. मी मेकॅनिकल इंजिनिअर असल्यामुळे घरातली प्रत्येक बिघडलेली वस्तू माझ्याकडे अपेक्षेने बघते. मी टाकीचं झाकण उचललं, आत पाहिलं, “हं” म्हणालो आणि झाकण परत ठेवलं. पदवीचा एवढा उपयोग झाला.

दुपारपर्यंत बिल्डिंगमध्ये बातमी पसरली. पुण्यात दुखण्याची बातमी जाते त्याच्या आधी औषध येतं. शेजारचे काका म्हणाले, फ्लोट, म्हणजे टाकीतला तरंगता गोळा, वर चढलाय, म्हणून पाणी मधल्या उभ्या नळीतून वाहून जातंय, जरा खाली करा. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी टाकीत वीट टाकायला सांगितली. “एका फ्लशला लिटरभर पाणी वाचतं. आमच्याकडे केव्हाची आहे!” मी फ्लोट खाली केला, वीटही टाकली. तानपुरा सुरातच राहिला. वीट मात्र चार दिवसांत विरघळायला लागली आणि टाकीच्या तळाशी लाल गाळ बसला. ज्याला पाणी वाचवायचंच आहे त्याने पाणी भरलेली बाटली बूच लावून टाकीत उभी करावी, हे मला नंतर कळलं. सल्ला आणि शहाणपण आमच्याकडे कधी एका दिवशी येत नाहीत.

मग मी शास्त्रोक्त पद्धतीवर आलो. रात्री टाकीत पाणी सोडणारा अँगल कॉक बंद केला, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारली आणि तासाभराने मोजलं. पातळी ३ सेंटिमीटर उतरली होती. टाकी आतून अंदाजे ४० बाय १५ सेंटिमीटर. म्हणजे तासाला १.८ लिटर, दिवसाला ४३ लिटर, वर्षाला साधारण १५,७०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर दीड टँकर पाणी आम्ही कोणाच्याही लक्षात न येता कमोडमध्ये सोडत होतो. हा आकडा मी अण्णांसमोर मोठ्याने वाचायला नको होता.

अण्णांचं बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. बावीस बिऱ्हाडांत संडास तीन, आणि सकाळी हातात टमरेल घेऊन रांग. त्या रांगेत अण्णांचं इंग्रजी पाठांतर झालं, दोन भांडणं झाली आणि एक सोयरीकही जुळली म्हणतात. त्यात १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचीही भिंत गेली. पेठांमधून पाणी गेलं आणि मग पुढे कितीतरी दिवस नळाला पाणी नाही. आधी पाण्यात बुडालेलं गाव नंतर घागर घेऊन विहिरी आणि हौद शोधत फिरत होतं. अण्णा तेव्हा दहा वर्षांचे. “त्रेचाळीस लिटर?” ते म्हणाले. “त्रेचाळीस लिटरात आमची आई अख्खा दिवस काढायची.” त्यांनी त्या दिवसापासून फ्लश वापरणं सोडलं आणि बादली धरली.

गळती नेमकी कुठून आहे ते पाहायला सोपी युक्ती आहे. टाकीत खायचा रंग टाकायचा, वीसेक मिनिटं फ्लश करायचा नाही. कमोडमध्ये रंग उतरला की समजायचं, टाकीच्या तळाचं रबर नीट बसत नाहीये. ते गळतं, पातळी उतरते, फ्लोट खाली येतो, नळ किंचित उघडतो आणि सूंऽऽ म्हणत राहतो. मी स्वयंपाकघरात शोधलं, तर हिरवा रंग संपलेला. मुलीच्या वाढदिवसाच्या केकचा लाल तेवढा उरला होता. तो मी सढळ हाताने टाकला, कोणाला काही सांगितलं नाही, आणि दूध आणायला खाली गेलो.

परत येतो तो अण्णा हॉलमध्ये खुर्चीवर ताठ बसलेले, चेहरा पांढराफटक. बायको फोनवर डॉक्टरांचा नंबर शोधत होती.

“जावईबापू,” अण्णा शांतपणे म्हणाले, “बँकेची पासबुकं कपाटाच्या वरच्या खणात आहेत.”

मला समजायला दहा सेकंद लागली. त्यानंतर जे सांगायचं होतं ते सांगायला अर्धा तास. प्रयोग यशस्वी झाला होता, पण त्या दिवशी घरात विज्ञानाला कोणी विचारलं नाही.

मग नवं रबर आणायला मी बोहरी आळी गाठली. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, “नमुना आणलाय?”

“नाही, घरी आहे. साधारण एवढं गोल...”

“मग घरीच विचारा कुठल्या मापाचं आहे ते.”

शेवटी प्लंबरला फोन केला. “दहा मिनिटांत आलो साहेब” म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी आला. त्या दोन रात्री मी जागून संडासाचा इतिहास वाचला. पाण्याने झाडला जाणारा संडास १५९६ मध्ये सर जॉन हॅरिंग्टन नावाच्या इंग्रज दरबाऱ्याने लिहून मांडला, तो पहिल्या एलिझाबेथ राणीचा धर्मपुत्र. घरोघर कमोड यायला मात्र पुढची कित्येक वर्षं लागली. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंगने वाकड्या पाइपचं पेटंट घेतलं. त्या वळणात पाणी अडून राहतं आणि खालचा वास वर येत नाही. मे महिन्यात आपण गावाला जाऊन आलो की पाहुण्यांच्या बाथरूममध्ये वास येतो, तो हेच पाणी सुकल्यामुळे. तांब्याभर पाणी ओतलं की संपलं. मला सगळ्यात आवडलं ते हे की कमिंग मूळचा घड्याळजी होता. म्हणजे वेळेवर येणारा माणूस या धंद्यात एकदा तरी होऊन गेला.

प्लंबरने टाकीत हात घातला, रबर काढून पिळलं. ते बिस्किटासारखं मोडलं. “साहेब, टाकीत निळी गोळी कोण टाकतं?”

घरात शांतता पसरली. दोन वर्षांपूर्वी जाहिरात पाहून त्या गोळ्या मी आणायला लागलो होतो. दर फ्लशला निळं पाणी, किती छान. त्यातलं क्लोरीन दिवसरात्र रबरावर बसतं आणि ते कडक होऊन तडकतं, हे त्या जाहिरातीत नव्हतं. बायको माझ्याकडे बघत होती. मागे पिवळे डाग घालवायला मी अ‍ॅसिड ओतून त्यावर ब्लीच ओतणार होतो, तेव्हा तिनेच माझा हात धरला होता. त्या दोन्हींतून विषारी क्लोरीन वायू निघतो. तिने तेव्हा जसं बघितलं होतं, तसंच ती आत्ताही बघत होती. डागांवर रात्रभर व्हिनेगर ठेवलं तरी पुरतं, हेही तिलाच माहीत होतं. बोअरचे क्षार त्याने सुटतात.

रबर साठ रुपयांचं. हात घालायचे तीनशे. काम सात मिनिटांचं.

त्या रात्री दोन वाजता मी सवयीने जागा झालो. कुत्री, फ्रिज. अण्णांचं घोरणं नव्हतं. ते हॉलमध्ये अंधारात बसले होते, बोट वर करून.

“ऐकू येतंय?” ते कुजबुजले.

सूंऽऽऽ. आमच्या टाकीतून नव्हे. वरून.

सकाळी साडेसातला मी वरच्या काकूंची बेल वाजवली. मागे जिन्यात अण्णा उभे होते, हातात बादली. काकूंनी जाळीतून पाहिलं. “काय हो, इतक्या सकाळी?”

“काही नाही काकू,” मी खिशातली लाल रंगाची बाटली काढत म्हणालो, “तुमची वीट कशी आहे ते बघायला आलो.”