‘कुठल्याही स्टेनलेसला ३०९एल’ हे धादांत चूक आहे

रबाळ्याच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये नुकताच लागलेला भाचा विचारतोय की सहा मॉलीच्या (सुमारे सहा टक्के मॉलिब्डेनम असलेल्या स्टेनलेसच्या) पाइपलाही ३०९एलच (वेल्डिंगमध्ये वितळवून जोडात भरायची एक स्टेनलेस वायर) मारायचा का. कारण त्याच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘स्टेनलेस कुठलंही असो, ३०९एल चालतो. लोहचुंबक चिकटला तर माल बनावट. तडा नको असेल तर आधी पाइप तापवा.’

पहिला मुद्दा सर्वांत घातक. २५४ एसएमओ या सहा मॉली ग्रेडच्या पाइपमध्ये मॉलिब्डेनम ६ ते ६.५ टक्के असतं. एडब्ल्यूएस ए५.९ या वेल्डिंग वायरच्या अमेरिकी मानकात ३०९एल वायरची ओळ काढून बघा: क्रोमियम २३ ते २५, निकेल १२ ते १४, मॉलिब्डेनम जास्तीत जास्त ०.७५. ज्या मॉलिब्डेनमसाठी एवढा महाग पाइप घेतला, तेच जोडात नाही! असा जोड हायड्रोटेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) टिकतो, एक्स-रेतही स्वच्छ दिसतो. पुढे खाडीच्या खाऱ्या पाण्यात पाइप शाबूत राहतो आणि जोडाला भोकं पडतात.

बरं, पाइपइतकंच मॉलिब्डेनम असलेला फिलरही (जोडात भरायची वायर) पुरत नाही. वेल्ड गोठताना मॉलिब्डेनम सगळीकडे सारखं राहत नाही. आधी गोठलेल्या भागात ते कमी पडतं आणि पिटिंग (गंजून भोकं पडणं) तिथूनच सुरू होतं. म्हणून फिलर चढा, पाइपपेक्षा जास्त मॉलिब्डेनमचा घ्यायचा: ईआरएनआयसीआरएमओ-३, म्हणजे ६२५ ची निकेल वायर, मॉलिब्डेनम ८ ते १० टक्के. टिगने (आर्क वेल्डिंगची एक पद्धत) रूट, म्हणजे जोडाचा तळाचा पहिला थर, मारताना दोन कडांमध्ये गॅप ठेवा आणि वायर सतत देत राहा. नुसत्या कडा वितळवून जोडल्या तर फिलर चढा घेऊन उपयोग काय?

तापवण्याचा सल्ला तर उलटाच. हा वेल्ड पूर्ण ऑस्टेनाइटचा (स्टेनलेसची एक अंतर्गत रचना), उष्णता वाढली की गरम असतानाच तडकतो. ओल असेल तर तेवढी सुकवा, बाकी प्रीहीट (आधी तापवणं) नको. इंटरपास (दोन थरांमधलं तापमान) १०० अंश सेल्सिअसच्या आत, बीड (वेल्डची पट्टी) सरळ आणि अरुंद, शेवटी क्रेटर (पट्टीच्या टोकाचा खड्डा) भरूनच आर्क तोडायचा.

लोहचुंबकाचं म्हणाल तर २२०५ डुप्लेक्स हे अस्सल स्टेनलेसच, पण त्यात जवळपास निम्मं फेराइट (लोहचुंबकाला ओढली जाणारी रचना) असतं, त्याला तो चिकटणारच. त्याचा फिलर २२०९.

३०९एल वाईट नाही, हे मान्य. एमएसचा (साध्या लोखंडाचा) सपोर्ट ३०४ या नेहमीच्या स्टेनलेसला जोडायचा असेल तर तोच योग्य, तो बनलाच अशा कामासाठी.

आणि सहा मॉलीच्या कामाला दुकानदार ‘एसएसची चांगली वायर’ म्हणून काहीही हातात देईल, तर घेऊ नका. डब्यावरचा ग्रेड आणि हीट नंबर (धातूच्या घाण्याचा क्रमांक) सर्टिफिकेटशी जुळला तरच वायर मशीनपाशी न्या.