जाताना सहा तास, येताना साडेतेवीस

न्यूयॉर्कला लेकीकडे जाण्याचे ठरले आणि तिकिटाचा कागद काकांच्या हाती पडला. काकांनी सगळा जन्म लेखापरीक्षणात घालवल्यामुळे त्यांना कागद वाचता येत नाही, फक्त तपासता येतो. मुंबईहून रात्री दीड वाजता सुटणारे विमान त्याच दिवशी सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला उतरते, आणि परतीचे विमान सकाळी अकराला निघून दुसऱ्या दिवशी साडेदहाला मुंबईत पोहोचते, हे पाहून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "जाताना सहा तास आणि येताना साडेतेवीस? येताना चढण आहे काय?"

उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा तास, हे मी सांगू लागलो. पण ऋतूप्रमाणे घड्याळ बदलणाऱ्या देशाच्या हिशेबावर काकांचा विश्वास बसेना. मग मी नातवाचा पृथ्वीगोल आणला आणि दोन्ही शहरांवर दोरा ताणून धरला. तो अरबी समुद्रावरून पश्चिमेला जाण्याऐवजी उत्तरेकडे सरकत थेट आइसलँडच्या अक्षांशापर्यंत चढला. सुमारे साडेबारा हजार किलोमीटरची हीच सर्वांत जवळची वाट असून, प्रत्यक्षात वारे आणि बंद असलेल्या हवाई हद्दी पाहून विमान ती बदलत असते, असेही मी सांगितले. "म्हणजे रिक्षावाल्यासारखेच," असा शेरा मारून काकांनी पुढचा मुद्दा काढला. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर विमान नुसते वर थांबवून न्यूयॉर्क खाली येईपर्यंत वाट का पाहू नये? हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, या उत्तराने त्यांची घोर निराशा झाली. इतक्या स्वस्त प्रवासाची योजना निसर्गानेच हाणून पाडावी, हे त्यांना पटण्यासारखे नव्हतेच.

तरीही मी नेटाने दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट प्रवाहाकडे वळलो. जाताना तो समोरून येतो म्हणून साडेपंधरा तास लागतात, येताना तो पाठीशी असतो म्हणून चौदा, असे सांगेपर्यंत माझा घसा बसला होता. काका मात्र तिकिटाच्या पाठीवर आकडे मांडत होते. सहा आणि साडेतेवीस मिळून साडेएकोणतीस, त्याचे निम्मे पावणेपंधरा. "सरासरी पावणेपंधरा तास. एवढेच सांगायचे होते ना?"

उत्तर तंतोतंत बरोबर होते. जाताना वजा झालेले साडेनऊ तास येताना मिळवले गेल्यामुळे बेरजेत ते उरलेच नव्हते. पृथ्वीगोल, दोरा आणि जेट प्रवाह यांतील कशाचीही गरज पडली नव्हती, ही गोष्ट सौभाग्यवतींनी चहा देताना आवर्जून बोलून दाखवली.

मग काकांनी खाली नवी ओळ आखली. पुण्याच्या घरापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सुमारे दीडशे किलोमीटर. "येथे किती तास धरू?" मी चार म्हणालो, मग पाच, मग शनिवार आहे हे आठवून गप्प बसलो. दीडच्या विमानासाठी दुपारी चारलाच निघायचे, असा निकाल देऊन काकांनी टोपण लावले आणि विचारले, "त्या जेट प्रवाहाचे राहू दे. शनिवारी बोरघाटात गाड्या कोणत्या दिशेने वाहतात, ते सांग."