कोलंबाईनबद्दल फिरणारा तो मेसेज चुकीचा आहे

परत तोच मेसेज आलाय, की अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या कोलंबाईन हायस्कूलमध्ये 'ट्रेंच कोट माफिया' गँगच्या दोन पोरांनी त्यांना छळणाऱ्यांना निवडून मारलं आणि 15 बळी गेले. असं नाहीये.

20 एप्रिल 1999 ला त्या दोघांनी कॅन्टीनमध्ये दोन प्रोपेनचे बॉम्ब ठेवले होते, ऐन जेवणाच्या वेळेला फुटतील असे, म्हणजे शेकडो पोरं मेली असती, मग यात निवडून मारणं कुठे आलं? बॉम्ब फुटले नाहीत म्हणून गोळीबार सुरू केला, समोर येईल त्याच्यावर. तयारी जवळपास वर्षभर चालली होती. आणि 'ट्रेंच कोट माफिया' हा त्या शाळेतल्या पोरांचा एक ग्रुप, त्यातली बरीच पोरं आधीच पास होऊन गेलेली, हे दोघं त्याचे खरे मेंबरही नव्हते.

15 मध्ये मारेकरी पण मोजलेत, त्यांनी स्वतःला गोळी मारली. बळी म्हणून त्यांना मोजू नका प्लीज. त्या दिवशी 12 विद्यार्थी आणि 1 शिक्षक गेले. तेव्हा जखमी होऊन व्हीलचेअरवर आलेली एक मुलगी फेब्रुवारी 2025 मध्ये वारली आणि तो मृत्यूही हत्याच धरला गेला, म्हणून आता आकडा 14.

ते शिक्षक म्हणजे डेव्ह सँडर्स. कॅन्टीनमधल्या पोरांना पळवलं, मग गोळी लागली, पोरांनी खिडकीत बोर्ड लावला की इथे एकजण रक्तस्रावाने मरतोय, तरी मदत पोचायला तीनेक तास लागले. मेसेजमध्ये त्यांचं नावसुद्धा नाही.