पंचवीस फूट आई

काका मर्चंट नेव्हीत होते. त्यांच्या सामानातून आलेला चावीचा एट एमएम सिनेकॅमेरा आमच्या माळ्यावर फुटक्या कुकरशेजारी तीसेक वर्षं पडून होता. दिवाळीच्या साफसफाईत खाली आला. मी चावी दिली, बटण दाबलं आणि तो बेटा कर्रर्र करत चालायला लागला! तिथंच बंद पडला असता तर बाथरूमच्या फरश्या वाचल्या असत्या.

१९६५ साली सुपर एट नावाचं नवं तंत्र आलं. त्यात फिल्मचं काडतूस खटकन बसवलं की झालं. माझा कॅमेरा त्याच्या आधीच्या, १९३२ सालच्या डबल एट घराण्यातला. फिल्म १६ मिलिमीटर रुंद, २५ फूट लांब. आधी अर्ध्या रुंदीवर शूटिंग करायचं, मग कॅमेरा उघडून रीळ उलटं घालायचं आणि उरलेल्या अर्ध्यावर करायचं. धुऊन झाली की भेंडीसारखी मधोमध चिरायची. सेकंदाला १६ चित्रं धरली तर सगळा मिळून चार मिनिटांचा सिनेमा. असली कृष्णधवल फिल्म झेक प्रजासत्ताकात अजून बनते. भाच्यानं जर्मनीहून येताना एक डबी आणली. किंमत ऐकून बायको म्हणाली, "म्हणजे मिनिटाला किती पडले?" मी भागाकार केला नाही.

पहिला मान आईचा. ती मोरपंखी पैठणी नेसून आली.

"आई, यात रंग दिसत नाही गं."

"नसू दे. मला माहितीये ना."

आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती चटकन भुलते त्याचा आकडा; कडक उन्हात शंभर आयएसओची फिल्मसुद्धा फार तापट ठरते. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाएवढं, ते काही बदलता येत नाही. रिव्हर्सल फिल्म असल्यामुळे जी कॅमेऱ्यात घातली तीच भिंतीवर दिसणार; प्रकाश जास्त झाला की चेहरा पांढराफटक. म्हणून आईला तुळशीजवळच्या सावलीत उभं केलं, बटण दाबलं, आणि आई पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ!

"आई, हल ना!"

"हलले की फोटो बिघडतो," ओठ न हलवता आई म्हणाली. वीस सेकंद. तीनशेवीस चित्रं. सगळी एकच.

रविवारी रीळ संपलं आणि नेमका फोन वाजला. परत येऊन बघतो तर आठवेना, एक बाजू झाली की दोन्ही? रिळाच्या एका तोंडाला तीन खाचा असतात, दुसऱ्याला चार, त्यामुळे ते चुकीच्या बाजूनं बसतच नाही. पण कितव्यांदा बसवतोय हे त्या खाचा सांगत नाहीत. मी पुन्हा बसवलं आणि स्वारगेटला जाऊन मनसोक्त बसगाड्या टिपल्या.

धुलाई घरीच. बायकोला दादासाहेब फाळक्यांच्या सरस्वतीबाईंची गोष्ट सांगितली, की त्या फिल्मला भोकं पाडायच्या, फिल्म धुवायच्या, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या. ती म्हणाली, "त्यांनी दागिनेही दिले होते. आता तेही मागशील."

तेव्हा एकटाच बाथरूममध्ये शिरलो. मिट्ट काळोखात टाकीच्या चक्रीवर फिल्म चढवतोय, तर वर गिझरचा लाल दिवा मंगळासारखा टवकारून बघतोय! या फिल्मला लाल रंगही दिसतो. अंगातली बनियन काढून त्याच्यावर फेकली. पहिलं डेव्हलपर, मग ब्लीच. ब्लीच म्हणजे विहिरीत टाकतात ते जांभळं परमँगनेट, सोबत गंधकाम्ल. मग तपकिरी डाग घालवणारं बायसल्फाइट, मग फिल्मला उजेड दाखवायचा, पुन्हा डेव्हलपर, शेवटी फिक्सर. बायसल्फाइटनं फिल्मचे डाग गेले. फरशीचे आहेत.

वाळायला घातलेली फिल्म दोरीवर टॉवेलांच्या मधून लोंबत होती. बाबा दोनदा तिच्यात अडकले.

रात्री हॉलमधल्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला. पडद्याऐवजी धोतर. दोनदा प्रकाश खाल्ल्यामुळे सगळं फिकट, धुकट. तुळशीपाशी आई उभी, आणि तिच्या कपाळातून स्वारगेटची बस निघून पदराच्या काठावरून वळते. मागून रिक्षा. एक माणूस आईच्या खांद्यावर उभा राहून तंबाखू मळतो. पैठणी करडी, कुंकू काळं. कोणी काही बोलेना. मी तोंड लपवायला प्रोजेक्टरमागे वाकलो.

आई मात्र बसल्या जागी पुढे सरकली होती. दुसरी बस तिच्या नाकातून पार झाली तशी बाबांना कोपरानं ढोसून म्हणाली, "बघा, एवढ्या गाड्या गेल्या, मी जराशीही हलले नाही."