‘टप पक्का केला म्हणाले, पहिल्याच पावसात बेड ओला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

१८ हजार घेतले, मोटरहोमचा (आत झोपायची सोय असलेल्या गाडीचा) गळका टप पक्का झाला असं सांगितलं, आणि पेंचला जाताना मनसरच्या पुढे मागच्या बेडवर पाणी ठिबकलं, असं तुम्ही लिहिलंय. पाणी आलं हे खरं आहे. त्यावर वाद नाही.

पण ‘शंभर रुपयांची ट्यूब फासली’ हे मान्य नाही. तुमची मोटरहोम २००९ ची. आमच्या आधी तिच्या टपावर निदान दोघांनी सिलिकॉन थापलेलं. जुन्या सिलिकॉनवर नवं काहीच नीट धरत नाही, म्हणून दोन दिवस नुसतं खरवडण्यात गेले. बिलातली जास्तीची मजुरी ती हीच. मग सगळ्या जॉइंटला आणि मागच्या व्हेंटला (हवेच्या झरोक्याला) खालून ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, वरून पीयू सीलंट, म्हणजे सुकल्यावरही लवचीक राहणारा माल. सुकून कडक होणारी पुटी मुद्दामच नाही भरली. आपल्याकडे मेअखेरच्या नवतप्यात टपावर हात ठेववत नाही. ५ मीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने साडेचार मिलीमीटर वाढतो. त्या ताणात कडक माल चिरतो, रबरासारखा माल सोबत ताणला जातो.

प्लायवूड ‘न विचारता’ बदललं म्हणता. ते बोटाने दाबलं तर आत जात होतं. व्हिडिओ पाठवला, तुमचा ‘करा’ असा मेसेज आला, मगच कापलं. तुमच्या फोनमध्येही तो असेलच.

आता आमची चूक. पाणी शिरतं एकीकडे, ठिबकतं दुसरीकडे. पत्रा आणि आतलं प्लायवूड यांच्या मधून ते चौकटीवरून सरकतं. चढ लागला की मागे, ब्रेक मारला की पुढे. आम्ही गाडी सपाट उभी करून पाइपाने पाणी मारलं, एक थेंब आला नाही, आणि खूश झालो. पुढचं चाक उचलूनही मारायला हवं होतं. टपावरच्या एसीखालची गॅस्केट (पाणी अडवणारी मऊ पट्टी) दबलीय, एसी उतरवावा लागेल, हे मी तुम्हाला तोंडी बोललो होतो. तुम्हाला शनिवारी निघायचं होतं, तुम्ही ‘नंतर बघू’ म्हणालात. इथवर ठीक. पण बिलावर आमच्या पोराने ‘टप लीकेज काम पूर्ण’ लिहिलं आणि मी न वाचता सही ठोकली. ‘एसी सोडून’ हे दोन शब्द तिथे हवे होते. ते वाचून तुम्ही निर्धास्त निघालात, त्याची जबाबदारी माझी.

गाडी आणा. एसी उतरवून गॅस्केट बदलतो, मजुरी नाही, फक्त गॅस्केटचे पैसे द्या. नंतर गाडी पुढून, मग मागून उचलून तुमच्यासमोर पाणी मारू. दोन दिवस लागतील, कारण आतली ओल वाळल्याशिवाय मी बंद करणार नाही. तोवर ताडपत्री टाकलीत तर खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, नाहीतर ओल आतच कोंडते. आणि येताना बेडची गादी काढून या, खालचं प्लायवूड फुगलंय का तेही बघून घेऊ.

– मालक, वाडी, अमरावती रोड