जमलं नाही म्हणून शिकवतात?

लांब पोस्ट आहे. वेळ नसेल त्यांनी सोडून द्या, पण आज मला लिहायचंच आहे.

संध्याकाळी इथं नागपूरला, धरमपेठेत एका साखरपुड्याला गेले होते. जेवणं सुरू झाली होती. माझे गिटारचे सर माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते. आमच्या मागच्या टेबलावर एक गृहस्थ, सगळ्यांच्या ओळखीचे, वयानं मोठे, शेजारच्याला सरांची माहिती देत होते. आवाज मुळीच न दाबता. "मोठा वाजवनारा होता बाप्पा एका काळी. पन बाहेर काही जमलं नाही ना त्याले, म्हनून शिकवून राहिला पोट्ट्यायले."

सरांनी ऐकलं. वडाभात कालवता कालवता त्यांचा हात थांबला. मग वाढणाऱ्या मुलाकडून त्यांनी आणखी थोडं फोडणीचं तेल मागून घेतलं आणि जेवायला लागले. दुसऱ्याच्या घरचं मंगलकार्य, म्हणून मीही गप्प बसले. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं. अजून आहे.

हे वाक्य मी आजच ऐकलं असं नाही. गाण्याच्या क्लासबद्दल, तबल्याच्या क्लासबद्दल, शाळेतल्या संगीताच्या बाईंबद्दल, सगळ्यांबद्दल हेच बोललं जातं. ज्याच्यात दम आहे तो मुंबईला जातो, उरलेले इथं ट्युशन घेतात, अशी एक समजूत आपल्या गावात ठाण मांडून बसली आहे. तुम्ही सगळे गाण्याबजावण्यात रमणारी माणसं, तुम्हाला मी काय पटवून देणार? पण हा राग कुठंतरी निघायला हवा, आणि या विषयावर राग आला की मला टेड ग्रीन आठवतो.

ऐकलंय हे नाव? जॅझ गिटार म्हटलं की लोक वेस माँटगोमेरी म्हणतात, जो पास म्हणतात, पॅट मेथेनी म्हणतात. बरोबरच आहे. टेड ग्रीनचं नाव मात्र गिटारवाल्यांच्या बाहेर कुणाला फारसं ठाऊक नाही. 1946 साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मला, 2005 साली गेला, वय अवघं 58. हयातीत त्याच्या नावावर स्वतःचा एकच अल्बम निघाला. 1977 साली. त्याचं नाव 'सोलो गिटार', आणि आत तसंच आहे, एक माणूस आणि त्याची गिटार.

पण ती गिटार काय बोलते! खाली बासची, म्हणजे खर्जाच्या सुरांची, चाल चाललेली, मध्ये दोन सूर आपापल्या वाटेनं सरकतायत, वर गाण्याची मूळ धून स्वच्छ ऐकू येतेय. हे सगळं एकाच माणसाच्या दोन हातांतून. आणि वाद्य कुठलं, तर बहुतेक वेळा फेंडर टेलिकास्टर. जॅझवाले मोठ्या पोकळ पेटीची गिटार घेतात. टेलिकास्टर म्हणजे सपाट भरीव लाकूड, कंट्री म्युझिकवाल्यांची लाडकी. तिच्यातून या माणसानं असा मऊ, गोल आवाज काढला की डोळे मिटून ऐकलं तर पियानो वाटावा. त्याचा एक व्हिडिओ आहे, त्यात तो बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या काळच्या शैलीत जागच्या जागी रचत जातो. समोर कागद नाही. दाढीवाला, साधा, जरा लाजरा माणूस, मान गिटारकडे झुकलेली, आणि हातातून तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत त्याच क्षणी तयार होतंय. बघा एकदा. हा माणूस "वाजवायला जमलं नाही" म्हणून शिकवत होता?

1971 साली, ऐन पंचविशीत, त्याचं 'कॉर्ड केमिस्ट्री' हे पुस्तक आलं. 1976 साली 'मॉडर्न कॉर्ड प्रोग्रेशन्स'. पुढे सिंगल नोट सोलोवर दोन भाग. जगभरच्या गिटारवाल्यांनी ही पुस्तकं झिजवली आहेत. अवघड आहेत, मान्य. नवख्यानं उघडली तर घाबरून मिटेल, तेही मान्य.

माझ्यापर्यंत टेड ग्रीन आला एका पानाच्या रूपानं. मी तेव्हा कॉलेजात होते. सरांचा क्लास महालातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर चालायचा. लाकडी जिना, एक पंखा, भिंतीला टेकवून ठेवलेल्या दोन गिटारी. नागपूरचा मे महिना, त्यात लाइट गेलेली. सरांनी एका जाडजूड फाइलमधून एक पान काढून माझ्यापुढे ठेवलं. झेरॉक्सचीही झेरॉक्स असावी, कडा काळ्या पडलेल्या. त्यावर कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांच्या, चौकटी. उभ्या सहा रेघा तारांच्या, आडव्या रेघा फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या गळ्यावरच्या पट्ट्यांच्या. आपण नेहमी बघतो तशाच, पण एकेका चौकटीत काळे ठिपके, फुल्या, छोटे चौकोन आणि त्रिकोण, सगळं एकत्र. बाकी पुस्तकांत तारेच्या वर फुली असली की ती तार वाजवायची नाही. इथं तर फुल्या मधोमध!

सर म्हणाले, "आधी ठिपके वाजव आणि धरून ठेव. मग फुली. मग चौकोन. मग त्रिकोण. एका चौकटीत पूर्ण वाक्य आहे ते."

मग त्यांनी साधं उदाहरण घेतलं. मला डी मायनर सेव्हन ही कॉर्ड धरायला लावली. तिच्यातल्या सी सुरावर माझं जे बोट होतं, तेवढं एकच त्यांनी पेनाच्या टोकानं दाखवलं आणि म्हणाले, "हे फक्त एक घर मागे आण. बाकीच्यांना त्रास देऊ नको." मी बोट मागे आणलं. सीचा बी झाला. त्याच क्षणी त्यांनी स्वतःच्या गिटारवर खाली जी हा बास वाजवला, आणि ती कॉर्ड बदलली. पूर्ण बदलली! मी एकच बोट हलवलं होतं. एकत्र कुटुंबात एक जण पाणी आणायला उठतो आणि बाकीचे आपापल्या जागी बसून राहतात, तरी घर हललेलं असतं, तसं काहीतरी. तोवर मी कॉर्ड म्हणजे पंजा उचलून दुसरीकडे आपटायचा असंच वाजवत होते, कारण तोवर कुणी तसं शिकवलंच नव्हतं.

तो एक बदललेला सूर अजून माझ्या कानात आहे. आणि तो सरांना कुठून आला? लॉस एंजेलिसमधल्या एन्सिनोत एका फ्लॅटमध्ये बसून हातानं पानं लिहिणाऱ्या माणसाकडून.

कारण टेड ग्रीननं आयुष्यभर हेच केलं. घर रेकॉर्ड्स आणि पुस्तकांनी भरलेलं. तिथंच विद्यार्थी यायचे, आणि शिकायला नंबर लागायला लोक वाट बघत थांबायचे. यायचे त्यांच्यात नवशिके होते तसे धंदेवाईक वाजवणारेही होते. तो बारीक, नीटस अक्षरात पान न् पान लिहायचा, चौकटी आखायचा, समासात सूचना लिहायचा. चार सुरांच्या कॉर्ड किती प्रकारे मांडता येतात याचा त्यानं इतका पिच्छा पुरवला की त्या सगळ्या मांडण्या 14 गटांत बसवून दाखवल्या. तो स्वतः काही काळ जॉर्ज व्हॅन एप्सकडे शिकला होता, आणि व्हॅन एप्स म्हणजे सात तारांच्या गिटारवर एकट्यानं अख्खी मैफल उभी करणारा माणूस. म्हणजे हेही हाताहातानं आलेलंच. घराणं म्हणा हवं तर.

तो गेल्यावर त्याच्या जवळच्यांनी आणि विद्यार्थ्यांनी ती हस्तलिखित पानं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली करून ठेवली. फुकट. आज सीताबर्डीवरच्या कुठल्याही दुकानात पेनड्राइव्ह देऊन ती छापून आणता येतात. मी आणली आहेत. माडीवर मला दिलेल्या पानावर वाचता न येणारा समास होता, तो आता पूर्ण वाचता येतो.

आता कुणी म्हणेल, एवढा मोठा होता तर स्टेजवर का नाही गेला, दौरे का नाही केले, आणखी दहा अल्बम का नाही काढले? ठीक आहे, मलाही आणखी रेकॉर्डिंग हवी होती. एवढं म्हणून पुढे जाते. त्याला काय हवं होतं हे त्याच्या पानांवर दिसतं. ज्या माणसाला शिकवणं हे दुय्यम काम वाटतं, तो एका चौकटीत चार प्रकारच्या खुणा इतक्या निगुतीनं काढत बसत नाही.

आणि आपण नागपूरकरांनी तर हे बोलूच नये! सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात आपण किती कार्यक्रम ऐकले असतील. नाव घेताना छाती फुगते, फुगायलाच हवी. वसंतरावांना लहानपणी गाणं कुणी शिकवलं? इथल्या श्रीराम संगीत विद्यालयाच्या शंकरराव सप्रे गुरुजींनी. त्याच सप्रे गुरुजींकडे सी. रामचंद्रही शिकले. म्हणजे हिंदी सिनेमात ज्या माणसानं स्विंग आणली, जॅझचा ठेका आणला, चिक चॉकलेटसारखा गोव्याचा ट्रम्पेटवाला हाताशी घेऊन लोकांना नाचायला लावलं, त्याच्या कानावर पहिले संस्कार करणाऱ्यांत नागपूरचा एक मास्तर होता. सप्रे गुरुजींचं काय "जमलं नव्हतं" हो? विचारा आज त्या सभागृहाच्या पायऱ्यांवर उभं राहून दहा जणांना, सप्रे गुरुजी कोण म्हणून.

कोलकात्याचे गिटारवाले कार्लटन किट्टो हे दुसरं नाव. हयातभर बीबॉप, म्हणजे जॅझचा एक वेगवान प्रकार, वाजवलं आणि शिकवलं. 2016 साली गेले. आपल्या स्टेशनावरून गीतांजली रोज हावड्याला जाते, इतके ते आपल्या जवळ होते, आणि आपल्याकडे त्यांची बातमीसुद्धा धड पोचली नाही. असो. त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं.

(आत्ता लिहिता लिहिता सरांचा मेसेज आला. "पोचलीस का नीट? आईला सांग, कढी छान होती म्हणे तिच्या हातची, मला उशिरा कळलं." बस्स, एवढंच. त्या वाक्याबद्दल एक अक्षर नाही.)

खरं सांगू, आता रागापेक्षा काहीतरी वेगळंच वाटायला लागलंय. माझ्यासोबत माडीवर शिकणाऱ्यांपैकी एक जण आज पुण्यात स्टुडिओत वाजवतो. एक जण वर्धा रोडवर स्वतः क्लास घेतो, त्याच्याकडे बेंचवर पोरं दाटीवाटीनं बसतात. मी बँकेत आहे, रात्री तासभर वाजवते. आम्ही तिघंही डी मायनर सेव्हनवरून जीवर जाताना तेच एक बोट हलवतो. परवा त्या वर्धा रोडवाल्याकडे गेले होते, तर तो एका आठवीतल्या मुलीला सांगत होता, "बाकीच्यांना त्रास देऊ नको." शब्दही तेच. त्याला कळलंही नसेल की तो कुणासारखं बोलतोय. पुण्यातल्याचं नाव एखाद्या दिवशी कुठल्या तरी गाण्याखाली छापून येईल. सरांचं कुठं येईल?

मोबाईलवर तीस सेकंदांचे धडे बघूनही मुलं शिकतात, हे मला माहीत आहे. शिकू देत. त्यातली काही खरंच छान वाजवतात. पण समोर बसलेल्या पोराचं नेमकं कुठलं बोट अडलंय हे बघायला समोर माणूसच लागतो, आणि तो माणूस संध्याकाळच्या संध्याकाळी त्या पोरासाठी मोकळ्या ठेवतो तेव्हा त्या संध्याकाळी तो स्टेजवर नसतो. साधा हिशोब आहे. हे ज्यांना कळत नाही त्यांनी निदान पंगतीत तरी हळू बोलावं. ते गृहस्थ माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. काका, वाचत असाल तर वाचा. तुमच्या नातीला गिटार शिकायची आहे असं तुम्हीच दिवाळीत म्हणाला होतात. तिला सरांकडेच पाठवा. ते तिला प्रेमानं शिकवतील, मला खात्री आहे.

ज्यांना टेड ग्रीन ऐकायचाय त्यांच्यासाठी: आधी बाख शैलीतला व्हिडिओ बघा, कारण त्यात बोटं दिसतात. मग 'सोलो गिटार' सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका बैठकीत. गिटार वाजवणाऱ्यांनी पानं छापून आणा, पण पहिल्याच दिवशी 'कॉर्ड केमिस्ट्री' उघडू नका. सोप्या पानांपासून सुरू करा, आणि खुणांचा क्रम भिंतीवर लिहून ठेवा: ठिपका, फुली, चौकोन, त्रिकोण. अडलात तर मला मेसेज करा, किंवा सरांचा पत्ता देते, ते अजून महालातच शिकवतात, सोमवार सोडून. आणि हो, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका. खालच्या दोन तारा त्यावर ऐकूच येत नाहीत, आणि टेडचं निम्मं काम तिथं आहे.